तिरप्या टेबलावरचं रिंगण

गेल्या वर्षी आमच्या गल्लीत आवई उठली की महादेवप्पांची सून वर्षाराणी करणी करते. पुरावा काय, तर कोपऱ्यावर एक धनगर तिला मेंढीच्या रक्ताची बाटली देताना दिसला. लिंगायताच्या घरात अंडं येत नाही, आणि हिच्या पिशवीत रक्त. ही आवई दोन गल्ल्या लांब पोचवण्यात माझाही थोडा हात होता, ते कबूल. खरी गोष्ट एवढीच की ती लातुरातल्या एका खाजगी दवाखान्याच्या लॅबमध्ये आहे, आणि तिथं ताटल्यांत जंतू वाढवायला मेंढीचं रक्त लागतं. महादेवप्पांनी हे मला फाटकातच उभं करून सांगितलं. चहासुद्धा विचारला नाही.

वर्षाराणीचं माहेर उदगीरचं, शिक्षण नांदेडचं. एका जागी पाच मिनिटं बसली तर गल्लीत पेढे वाटावेत अशी बाई. काम मात्र तिला रात्रभर वाट बघण्याचं चिकटलंय. पेशंटच्या अंगातला जंतू ताटलीत पसरायचा, वर औषध मुरवलेल्या कागदाच्या टिकल्या ठेवायच्या. औषध चाललं तर टिकलीभोवती जंतू मरून मोकळं रिंगण पडतं, ते पट्टीनं मोजायचं. दवाखान्यातले काही जंतू मात्र इतके निर्ढावलेत की एकाही टिकलीला दाद देत नाहीत. मग ती दोन औषधांच्या टिकल्या शेजारी ठेवून बघते, जोडीनं तरी जमतं का.

दसऱ्याच्या तोंडावर आमच्याच गल्लीतले श्रीमंतमामा, एसटीचे रिटायर कंडक्टर, वर्षाराणीच्याच दवाखान्यात ऑपरेशननंतर व्हेंटिलेटरवर गेले आणि छातीत असलाच जंतू शिरला. त्यांची बायको केवळामामी व्हरांड्यात बसून. मी त्यांचा डबा घेऊन जायचो. डॉक्टर उमाशंकर म्हणाले, दोन-तीन दिवसांत नेमकं औषध सापडलं नाही तर अवघड आहे.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी वर्षाराणीनं औषधांच्या तीन जोड्या लावल्या. पुढच्या सकाळी मी पोचलो, तर डॉक्टर लॅबच्या दारात उभे. पहिल्या जोडीला चांगलं ऐसपैस रिंगण पडलं होतं. केवळामामींनी लॅबच्या दारालाच हात जोडले.

"लिहून द्या, लगेच सुरू करतो," डॉक्टर म्हणाले.

"थांबा सर." तिनं दुसरी ताटली काढली. त्यात असतो एक ओळखीचा जंतू, ज्याचं रिंगण किती पडावं हे पुस्तकात आधीच छापलेलं असतं. तेही चार मिलिमीटर जास्त पडलेलं, वर अंड्यासारखं वाकडं. तिनं ताटली डोळ्यांसमोर आडवी धरली. जंतू ज्यावर वाढतो तो आतला थर एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ. पातळ थरावर औषध लांब पसरतं, रिंगण फुगून दिसतं.

ती खाली वाकली. खंडेनवमीला यंत्रांची पूजा करायला टेबल मधे ओढलं होतं. माघारी सरकवलं, पण आखूड पायाखालची पुठ्ठ्याची घडी भिंतीपाशीच राहिली होती. त्याच तिरप्या टेबलावर ताटल्यांत थर ओतला गेला. यंत्राला झेंडूची माळ मात्र झकास होती.

"चार मिलिमीटरचा फरक," डॉक्टर म्हणाले. "इथं पेशंट चाललाय."

"म्हणूनच म्हणते सर. हे रिंगण औषधानं पाडलं का टेबलानं, मलाच सांगता येईना. ही जोडी किडनीला जड हाय. उगं कशी लिहू?"

"मग?"

"परत लावते. उद्या सकाळी कळंल."

मामी रडायला लागल्या. मी तोंड घातलंच, "वर्षाराणी, लिही की. गल्लीत कोण पट्टी घेऊन बसलंय?"

"भाऊजी, डबा द्या आन् जावा," ती म्हणाली.

दिवसभर ती लॅब ते व्हरांडा, व्हरांडा ते लॅब. मामींपाशी यायची, लगेच परत फिरायची. जंतू आपल्या चालीनं वाढतो, त्याला डोळे वटारून काय होणार. जेवणाचा डबा तिनं तसाच घरी नेला, हे तिच्या सासूनं सांगितलं.

दुसऱ्या सकाळी ओळखीच्या जंतूचं रिंगण पुस्तकाबरहुकूम पडलं होतं. पहिल्या जोडीचं आक्रसून कामाच्या मापाखाली गेलं होतं. तिसऱ्या जोडीचं मापात बसत होतं, लहानसं, पण गोल. डॉक्टरांनी तीच सुरू केली. दोन दिवस ताप हटेना. ते दोन दिवस गल्लीनं वर्षाराणीला काय काय बोलून घेतलं, ते इथं लिहीत नाही. त्यातलं निम्मं माझंच होतं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. आठवड्यानं नळी निघाली, आणि मामा पलंगाभोवतीच्या नातेवाइकांना पहिलं काय म्हणाले असतील, तर "पुढं सरका."

तेवढ्यात मला लॅबमधल्या एकीकडून नवी बातमी लागली. संध्याकाळी वर्षाराणी अंगणात कोथिंबीर निवडत होती. म्हटलं, "काय गं, खंडेनवमीला ते टेबल तूच हलवलं होतंस म्हणे. सांगू का गल्लीत?"

तिनं मान वर केली नाही.

"सांगा की. डॉक्टरांना मी वाकडं रिंगण दिसलं त्याच सकाळी लिहून दिलंय, टेबल मीच हलवलं म्हणून. तुमाला कळायलाच दहा-बारा दिवस लागले, भाऊजी."