दातावरचा दात

माझ्या वरच्या ओळीत एक दात शेजारच्याच्या खांद्यावर चढून बसला होता. आईच्या डोळ्यांत तो खुपायचा, बाबाला मात्र तो शुभ वाटायचा. होडी लोटायला निघाला की बाबा मला दारात उभी करायचा. "हास गो पोरी, मोट्यानं हास!" मी अर्धवट झोपेत खी खी करायची. दात दिसला की आज जाळं भरणार असं म्हणत स्वारी किनाऱ्याकडे निघायची.

मला सोळावं लागलं आणि तारापूरच्या नव्या बांधकामावरचा एक मिस्त्री मला बघायला येणार असं ठरलं. आई कामाला लागली. स्वतः रोज मशेरी लावून काळे दात मिरवणारी ही बाई, पण माझ्या दातांवर तिचं आधी मीठ चोळून झालं, मग कोळसा झाला. शेवटी वाळूत सापडणारं माकुळ माशाचं पांढरं हाड वाटून तिनं आठवडाभर माझ्याकडून घासून घेतलं. दात असे लखलखले की वाकडा दात लांबूनच दिसायला लागला! आईनं कपाळ बडवलं आणि बाबाला हुकूम सोडला, "पालगरला न्या, काढून टाका."

खरं सांगते, मलाही तो नकोच होता. मैत्रिणींत मी कायम तोंडावर हात धरून हसायची, त्याचा मला वीट आला होता.

पालघरच्या दातांच्या डॉक्टरनं दोन वाटा सांगितल्या. मुंबईला जाऊन तारा बसवायच्या, म्हणजे दोनेक वर्षं जाणार. नाहीतर हा दात दहा मिनिटांत काढायचा. "काढा," मी म्हटलं आणि आ वासला. डॉक्टरनं सुई भरली, तसा बाबा स्टुलावरून उठला.

"डाक्टर, हिचा ऱ्हाऊ द्या. माजा काढा."

"तुमचा कशाला?"

"आलोच हाय तं रिकामा कशाला जावा?"

डॉक्टरनं त्याच्या तोंडात डोकावून पाहिलं, तर एक दाढ खरोखरच किडलेली! वर्षभर लवंग दाबून त्यानं ती लपवली होती. मला इतकं हसू फुटलं की मी खुर्चीवरून घसरलेच. माझ्या जागी बाबा बसला.

घरी आलो ते माझा दात जागच्या जागी आणि बाबाचा गाल पापलेटाएवढा. आई किंचाळली, "पावने काय म्हनतील?" कापसाचा बोळा चावत बाबा बोलला, "हसतील त्यांचे दात दिसतील."

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. मुलाच्या वडिलांनी विचारलं, "मुलीला सैपाक येतो?" बाबा म्हणाला, "ऊंऽऽ." झालं, मी फुटले! हात तोंडाकडे न्यायचंसुद्धा भान राहिलं नाही. मुलगाही हसायला लागला आणि संध्याकाळी होकार आला.

पहिल्यांदा माहेरी आले तेव्हा मी बाबाला चिडवलं, "मी गेल्यावर मासळी घटली का रे?"

"मासली कदी येते, कदी नाय," तो जाळं शिवता शिवता म्हणाला. "तुला हसताना बगून निंगालो का मला परत येवासा वाटं."