निजामुद्दीन मिस्त्रींचं झाकण

पांढरकवड्यात हायवेला लागून निजामुद्दीन मिस्त्रींची शेड आहे. या शेडमध्ये त्यांनी उभी हयात ट्रकच्या लाकडी बॉड्या बांधल्या. सागाची चौकट, जाड फळ्यांचा तळ, बाजूचे फाळके. मिस्त्रींची बॉडी पावसात भिजली, उन्हात तापली, तरी हलायची नाही. मग कारखान्यातून लोखंडी बॉड्या यायला लागल्या आणि लाकडाची गिऱ्हाइकं हळूहळू बंद झाली. आता शेडमध्ये टायरवाला भाड्यानं बसतो. मिस्त्रींच्या वाट्याला एक कोपरा, जुनं टेबल आणि रंधे राहिले आहेत.

त्यांचा मुलगा परवेज नोकरीसाठी पुण्याला गेला, तेव्हा त्याची माशांची काचपेटी घरीच राहिली. त्याच्या आईनं, नाहिदनं, ती सांभाळली. सुरुवातीला पोराचं सामान म्हणून. नंतर तिला माशांचाच लळा लागला. सकाळी चहा पिताना ती पेटीसमोरच बसायची. एक दिवस तिची लाडकी मासोळी, काळी मॉली, दिसेना. शोधता शोधता फ्रिजमागे सापडली, वाळून काडी झालेली. उघड्या पेटीतून उडी मारली होती.

"यवतमाळहून झाकण मागवून घेते," नाहिद म्हणाली.

"लाकूडकाम करणाऱ्याच्या घरात झाकण इकत येईन?" मिस्त्री उसळले. "संध्याकाळपर्यंत देतो."

आणि दिलंही. जुन्या फाळक्यातली सागाची फळी रंधून त्यांनी चौकट जोडली, वर बिजागरीचं दार बसवलं, आतून दिवा लावला. ट्रकच्या तळाला द्यायचे तसे जवसाच्या तेलाचे दोन हात दिले. झाकण इतकं देखणं झालं की नाहिदनं परवेजला फोटो पाठवला.

आठवडा झाला नसेल. पाण्यावर तेलाचा तवंग आला. मासे तोंड वर काढून धापा टाकायला लागले. नाहिदनं बादल्या भरभरून पाणी बदललं, तरी दोन मासे गेले. रात्री तिनं नवऱ्याला जेवण वाढलं आणि आतल्या खोलीत निघून गेली. ती भांडली असती तर मिस्त्रींना बरं वाटलं असतं.

त्यांनी झाकण काढलं, घासून तेल उतरवलं आणि दुकानातलं चांगलं वॉर्निश लावलं. पुरतं वाळू दिलं. वास गेल्यावरच पेटीवर ठेवलं. या वेळी मासे ठीक राहिले, पण झाकण राहिलं नाही. आतल्या बाजूनं वॉर्निश पांढरं पडलं, दुधावरच्या सायीसारखं सुटायला लागलं. फळी फुगली, दार अडकलं. नाहिदला दाणा टाकायला दोन्ही हातांनी दार ओढावं लागे.

त्यांचे जुने शेतकरी दोस्त पुंडलिकराव टायर बदलायला शेडवर आले होते. टेबलावर झाकण पाहून म्हणाले, "मिस्त्री, माया गाडीची बॉडी तुमीच बांधलती. इतके पावसाळे झाले, काई नाई झालं तिले. अन् हे एवढंसं काहून फुगून राह्यलं?"

"मले माहीत असतं तं फुगू देलं असतं का?" मिस्त्री एवढे जोरात बोलले की टायरवाल्यानं मान वळवून पाहिलं. पुंडलिकराव आपल्या टायरकडे वळले.

पण विचार तिथूनच सुरू झाला. ट्रकवर पाऊस वरून पडतो, मग ऊन येतं, वारा लागतो, लाकूड सुकतं. इथं वाफ खालून येते, दिव्यानं ऊब धरते आणि लाकडाला सुकायला उसंतच नाही. हे एवढं साधं आपल्याला आधी का सुचलं नाही, याचाच त्यांना जास्त राग आला.

यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एमआयडीसीत इंद्रजीत नावाचा ओळखीचा माणूस फायबरचे दरवाजे बनवतो. मिस्त्री एसटीनं त्याच्याकडे गेले. त्यानं एपॉक्सीचे दोन डबे दिले, एक राळेचा, एक ती घट्ट करणाऱ्या औषधाचा. "चाचा, वजन करूनच मिसळा. अंदाजानं नोका करू."

मिस्त्रींना ते लागलं. नुसत्या डोळ्यांनी सुताएवढा फरक ओळखणाऱ्या माणसाला हा वजन शिकवतो! शेडमध्ये परतून त्यांनी अंदाजानंच मिसळलं. दुसऱ्या दिवशी हात लावला तर चिकट. चौथ्या दिवशीही चिकट. वरून धूळ बसली, एक माशी अडकून मेली. पत्र्याच्या पट्टीनं तो चिकटा खरवडताना त्यांचा अंगठा कापला. त्यांनी झाकण उचललं आणि भिंतीवर फेकलं. कोपऱ्याचा सांधा निखळला.

नाहिद डबा घेऊन आली होती. तिनं पाहिलं. अंगठ्याला ओढणीची चिंधी बांधत म्हणाली, "जाळी टाकून घेईन मी पेटीवर. कायले एवढा जीव जाळता?"

"जाळीच टाकायची तं मी कायले आहो?"

"झाकणासाठी नाई चिडून राह्यले तुमी," ती म्हणाली. "काम गेलं तवापासून चिडून राह्यले. मायावर, परवेजवर, आता या लाकडावर. मासे मेले तवा मी रडली. तुमी एकदा तरी इचारलं का मले?"

मिस्त्री खाली बसले. डबा उघडून ते जेवले. जेवताना हळूच म्हणाले, "चुकलं माझं. तेल नव्हतं लावाले पाह्यजे."

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातला वजनकाटा शेडमध्ये गेला. सांधा पुन्हा जोडला. राळ तोलून मिसळली, उन्हात बसून लावली. फळीच्या कापलेल्या टोकांना जास्तीचे हात दिले, कारण लाकूड तिथूनच पाणी पितं. थर काचेसारखा कडक झाला. मिस्त्रींनी नखानं टकटक वाजवून पाहिलं. मग खुशीत बिजागऱ्यांचे स्क्रू पिळले.

स्क्रूच्या भोकांतून पाणी शिरलं. महिन्याभरात बिजागरीभोवती काळा डाग आला आणि फळी पुन्हा फुगली.

या वेळी ते ओरडले नाहीत. झाकण टेबलावर घेतलं. मग बिजागऱ्या काढल्या, फुगलेला भाग सुकवून घासला, भोकं राळेनं बुजवली आणि दाराऐवजी सरळ उचलायची फळी केली, वर एक मूठ चिकटवून. एकही स्क्रू नाही. दिसायला आता ते ओबडधोबड होतं. पहिल्या झाकणाची शान त्याला नव्हती. एका कोपऱ्यात बोटभर पीळ राहिला, तो शेवटपर्यंत निघाला नाही.

पण झाकण टिकलं. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, फळी फुगली नाही. नाहिदनं नव्या मॉल्या आणल्या, त्यांना पिल्लं झाली. कोणी पाहुणा आला की ती झाकण उचलून दाखवते. मिस्त्रींचं लक्ष मात्र त्या पीळ पडलेल्या कोपऱ्याकडेच जातं, आणि ते उठून बाहेर जातात.

मागे पुंडलिकरावांनी घरी आल्यावर सहज विचारलं, "माया नातीच्या माशांच्या पेटीले असंच एक बनवून देता का?"

"नाई," मिस्त्री म्हणाले. "तुमी दुकानातून काचेचं घ्या."