फेरीपुरती जागा

नगरपालिकेने आमच्या स्मशानात विद्युतदाहिनी बसवली, तेव्हा शेजारच्या आप्पांना कोण आनंद झाला होता. "एका माणसाला जाळायला एवढी लाकडं कशाला? आधीच ऊन सोसवेना झालंय," असं ते म्हणायचे. "मला तिथेच न्यायचं," असं त्यांनी मुलाला, नितीनला, बजावून ठेवलं होतं.

परवा आप्पा गेले. नितीनने त्यांना दाहिनीकडेच नेलं. पाण्याचं मडकं खांद्यावर घेऊन तो उभा राहिला आणि तिथल्या माणसाला त्याने विचारलं, "फेऱ्या कुठून मारू?"

दाहिनीची गाडी रुळांवर होती आणि रूळ भिंतीला खेटून. पलीकडून माणूस जाऊच शकत नव्हता.

"इथं बहुतेक बेवारसच आणतात, दादा," तो माणूस हळूच म्हणाला. "त्यांना फेऱ्या कोण मारतंय?"

लाकडाचा विचार झाला होता, धुराचा झाला होता. मागे राहिलेल्या माणसाला जाणाऱ्याभोवती तीनदा चालायचं असतं, हे मात्र कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. आप्पांच्याही नाही. दोन हात जागा पुरली असती.

नातेवाइकांनी बाहेर लाकडं रचायला घेतली. मी अडवलं नाही. आप्पांचं म्हणणं मला पटत होतं आणि खांद्यावर मडकं घेऊन ताटकळलेला नितीनही बघवत नव्हता.

तिसऱ्या फेरीनंतर मडकं मागे पडून फुटलं, तेव्हा कुठे नितीन रडला. थोड्या वेळाने धूर वर चढू लागला, आप्पांना नको असलेला.