पानदेसाल आणायला गेलो होतो

मंडळी, आत्ताच आमच्या फ्रीमाँटमधल्या फिलिपिनो बेकरीतून आलोय. मन थाऱ्यावर नाही.

दर शनिवारी लेकीला घेऊन तिथे पानदेसाल, म्हणजे त्यांचे मऊ पाव, आणायला जातो. बेकरी एक नवरा-बायको चालवतात. आज काका दिसले नाहीत, म्हणून मावशींना विचारलं.

"काल इमिग्रेशनवाले घेऊन गेले. कुठे ठेवलंय, कळत नाही."

"मग दुकान कशाला उघडलंत?"

"घरी बसून फोनकडे किती बघू?"

पाव घेऊन निघालो.

गाडीत लेकीने विचारलं, "बाबा, विल दे टेक यू टू?"

मी व्हिसावर आहे. "नाही गं," म्हणालो, पण माझाच माझ्यावर विश्वास बसला नाही.

तुमची मुलं असं विचारतात तेव्हा तुम्ही काय सांगता?