अब्राहाम दहावर का थांबला

ये गं दिना, जरा जवळ सरक. हे वाचताना तरी एक डोळा गॅसवर आणि एक फोनवर, असं करू नकोस. तुझी ती सवय मला इथून दिसते. आणि तू एकटीने वाचू नकोस. तुझ्याबरोबर तिकडे इस्राएलला गेलेल्या सगळ्यांना बसव, आणि इथे नेऱ्याकडच्या लोकांना मी स्वतः वाचून दाखवीन. फोनवर मी तुला म्हणते, सगळं ठीक आहे. तूही तेच म्हणतेस. मागून सायरनचा आवाज मला ऐकू येत असतो आणि तू सांगतेस, "काही नाही आई, रोजचंच आहे." मग मीही तुझ्या पपांचं काही सांगत नाही. अशा दोघी खोटारड्या. म्हणून आज लिहायला बसले. लिहिताना मधे कोणाला तोडता येत नाही.

आम्ही गाव सोडलं ती सकाळ आधी सांगते, कारण सगळं तिथून सुरू होतं. नेऱ्याच्या पुढे, डोंगराखाली आमचं गाव. माझ्या बाबांचा तेलाचा घाणा होता. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव आम्हाला शनवार तेली म्हणायचं. आम्ही यहुदी, बेने इस्राएल, हे शब्द गावात कोणाला ठाऊक नव्हते आणि कोणाचं त्यावाचून अडलंही नव्हतं. त्या सकाळी बाबांनी चौकटीवरची मेझुझा, देवाच्या वचनाची ती डबी, खिळे काढून उतरवली, रुमालात गुंडाळली आणि खिशात ठेवली. आईने चूल सारवली. निघताना कोणी चूल सारवतं का? पण तिने सारवली, आणि हात धुवून गाडीत बसली.

गाडी कान्हूकाकांची. शेजारच्या पाटलांच्या घरातले, बाबांच्या लहानपणापासूनचे मित्र. ते बैलांशी बोलले, बाबांशी बोलले नाहीत. आईचे डोळे भरलेले बघून बाबा म्हणाले, "अगं, आपल्या आजोबा अब्राहामाला देवाने सांगितलं, देश सोड, भाऊबंद सोड, बापाचं घर सोड. कुठे जायचं तेसुद्धा सांगितलं नाही. आपल्याला निदान पनवेल ठाऊक आहे."

आई म्हणाली, "त्यांना देवाने सांगितलं होतं. तुम्हाला कोणी सांगितलं?"

बाबांचं स्वतःचं नावही अब्राहाम.  पनवेल चार कोसांवर, पण गाडीत सगळे समुद्र ओलांडायला निघाल्यासारखे बसले होते.

बाबांना देवाने सांगितलं नव्हतं, ते मेलेल्या बापाने सांगितलं होतं. सहा महिन्यांपूर्वी माझे आजोबा वारले होते. आपल्यात मेलेल्या बापासाठी कद्दीश, ती मागची प्रार्थना, म्हणायची तर आपले दहा पुरुष उभे पाहिजेत, हे तुला माहीत आहे. गावात आपलं घर एकच. बाबांनी सकाळीच आजूबाजूच्या वाड्यांना माणूस पाठवला. दुपारपर्यंत चालत चालत सहा जण आले. बाबा धरून सात. ऊन उतरायला लागलं, माती द्यायची वेळ झाली. कबर गावानेच खणली होती, खांदाही गावाने दिला होता, चाळीसेक पुरुष टोप्या काढून उभे होते. बाबांनी प्रार्थनेची वही उघडली आणि तशीच मिटली.

कान्हूकाकांनी विचारलं, "काय झाला?"

"दहा नाहीत."

"आमी येवरे जना उबं हाव. आमाला धर."

बाबांनी मान हलवली. नाही म्हणाले. मी आईच्या पदराआडून बघत होते. कान्हूकाकांनी हातातली कुदळ खाली ठेवली, अगदी हळू, आवाज न करता. त्या दिवसापासून ते घाण्यावर तेल घ्यायला स्वतः आले नाहीत, बायकोला पाठवायचे.

आणि बाबांच्या डोक्यात एकच बसलं, आपल्या वेळी असं होता कामा नये. म्हणून पनवेल.

पनवेलचा पहिला शनिवारचा शब्बाथ मला अजून ऐकू येतो. ऐकूच येतो म्हणते, कारण आम्ही बायका माडीवर, खालचं नीट दिसायचं नाही. सिनेगॉगला तेव्हा सगळे मशीदच म्हणायचे. माणसं बोट दाखवून मोजायची नाहीत, नजर लागते, म्हणून मोजायला एक हिब्रू वचन आहे, बरोबर दहा शब्दांचं. एका माणसामागे एक शब्द. वचन पुरं झालं की दहा झाले. त्या दिवशी कोणीतरी बाबांना खूश करायला वचन म्हणतच राहिलं. एकदा संपलं, पुन्हा सुरू, पुन्हा संपलं. पाच वेळा. खालून बाबांच्या हुंदक्याचा आवाज आला आणि आईने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. इथे आपण मरायला मोकळे, असं ती म्हणाली. मला हसू आलं. मी आठ वर्षांची होते.

बाबा सणाला कीर्तन करायचे. मराठीत, पेटीवर. त्यांचं आवडतं आख्यान अब्राहामाचं, आणि त्यातही सदोमचं. देव म्हणतो, हे शहर पापी आहे, मी जाळतो. अब्राहाम आडवा येतो. पन्नास भले लोक सापडले तर? देव म्हणतो, सोडीन. पाच कमी असले तर? सोडीन. चाळीस? तीस? वीस? बाबा बाजारात भाव पाडावा तसा आवाज काढायचे, लोक हसायचे. शेवटी अब्राहाम म्हणतो, रागावू नकोस, एकदाच विचारतो, दहा सापडले तर? देव म्हणतो, दहासाठीही सोडीन. इथे बाबा पेटी थांबवायचे. पुढचं, म्हणजे दहा सापडत नाहीत आणि धूर वर जातो ते, बाबा दोन ओळींत उरकायचे.

मी एकदा घरी विचारलं, "बाबा, तो दहावर का थांबला? पाच म्हणाला असता तर?"

बाबा म्हणाले, "त्याला वाटलं, दहा तरी असतीलच."

तेव्हा मला ते उत्तर साधं वाटलं होतं.

मग माणसं जायला लागली. आधी तरुण, मग त्यांनी बोलावलेले म्हातारे. रस्त्यावर टॅक्सी उभी राहायची, टपावर ट्रंक, गळ्यात हार, सगळी गल्ली निरोपाला. शनिवारी माडीवरून मी ऐकायचे. वचन चार वेळा पुरं व्हायचं आणि पाचव्यांदा मधेच थांबायचं. मग तीनदा. तू लहान असताना दोनदा. आम्ही कोणी एकमेकींकडे बघायचो नाही. तू गेलीस त्या वर्षी एकदाच. नवरा घेऊन गेलीस, म्हणजे एक शब्द तू नेलास. बोल लावत नाही मी तुला. जायचं वय होतं, मीच पोळ्या बांधून दिल्या होत्या.

बाबा वारले तेव्हा वचन पुरं झालं. त्यांनी ज्यासाठी गाव सोडलं ते त्यांना मिळालं. पण जाण्याआधीच्या आठवड्यात, पाय चेपत होते मी, तेव्हा ते छताकडे बघत म्हणाले, "मिल्का, मी कान्हूला धरायला हवं होतं." मी म्हटलं, "बाबा, तसं चालत नाही." ते म्हणाले, "माहीत आहे चालत नाही. तरी."

गेल्या उन्हाळ्यात मी गावी जाऊन आले. आता तिथे फार्महाउसं आहेत, निळ्या पाण्याचे तलाव, मोठाले गेट. कान्हूकाकांच्या नातवाने, काशिनाथने, गाडीतून नेलं. आजोबांची कबर कुंपणाच्या कडेला आहे, मी काटेच काढायच्या तयारीने गेले होते. बघते तर स्वच्छ. काशिनाथ म्हणाला, "आत्या, आमाला तुमचं मंत्र नाय येत. गवत दरसाल काडतो. आजा सांगून गेलाय." 

आता तुझ्या पपांचं. चिडू नकोस, आधी पूर्ण वाच.

त्यांचं हृदय दमलंय. डॉक्टरांनी मला बाहेर घेऊन सांगितलं, आजी, आता जपा, कधीही काहीही होऊ शकतं. दोनदा ॲडमिट केलं होतं, तुला "जरा खोकला आहे" म्हणून सांगितलं. तिथल्या सिस्टरने त्यांचं नाव विचारलं. इसहाक म्हटल्यावर ती हसली, "अब्राहामाचा मुलगा ना? आमच्या चर्चमध्ये पण आहे." शेजारच्या खाटेवरचे इब्राहीमभाई लगेच म्हणाले, "मग आमचा पण झाला की. मी तर नावच घेऊन बसलोय." तुझे पपा ऑक्सिजनची नळी लावलेली असून हसले. म्हणाले, "बघ मिल्का, अख्ख्या वॉर्डाचा आजोबा एक. आणि दहा जमत नाहीत."

घरी आल्यावर मला हट्टाने शनिवारी मशिदीत घेऊन गेले. वचन अलीकडे तेच म्हणतात. माडीवर मी एकटी, आता मला सगळं दिसतं, खाली दाटी नाही. त्यांनी पहिला शब्द स्वतःसाठी म्हटला, मग एकेक करत आठ. नवव्या शब्दाला तोंड उघडलं आणि समोर माणूस नव्हता. ते थांबले. मग बाहेर गेले, गल्लीत एकदा डावीकडे बघितलं, एकदा उजवीकडे. वडापावच्या गाडीपाशी कॉलेजची मुलं उभी होती, त्यांच्याकडे जरा वेळ बघत राहिले. आत येऊन बसले. प्रार्थना ज्याची त्याने मनात म्हटली. खारघरला राहायला गेलेला एक मुलगा म्हणाला, "अंकल, पुढच्या वेळी मी कोणाला तरी आणतो." कुठून आणणार?

त्या संध्याकाळी मी विचारलं, "काय विचार करता?"

म्हणाले, "तुझ्या बाबांचा अब्राहाम. चांगला सौदा करत होता. घाईने उठला."

तू म्हणशील, व्हिडिओ कॉलवर करू. गेल्या वर्षी करून बघितलं ना आपण. तुमचा आमेन इथे पोचेपर्यंत आमची पुढची ओळ सुरू झालेली असते. आणि प्रार्थना चालवणारे हजान ते मानत नाहीत. तू म्हणशील, तुम्हीच या इकडे, इथे एका बिल्डिंगमध्ये पाच वेळा दहा होतात. खरं आहे. बाबा असते तर तोच हिशेब करून गाडी जुंपली असती. पण बाबांनी एकदा दहांसाठी चाळीस सोडले, आणि मरताना त्यांना ते चाळीसच दिसत होते. तुझ्या पपांना वर जिने चढवायला आता खालच्या मजल्यावरचे दोघे येतात, त्यांना कोणी बोलवत नाही, पावलं ऐकून येतात. ती माणसं मी कुठल्या बॅगेत भरू? मला विचारशील घर कोणतं, तर नेऱ्याकडचं सारवलेलं घर माझं राहिलं नाही, तुझा फ्लॅट माझा नाही, आणि पनवेलही दर शनिवारी थोडं थोडं निसटतंय. जिथे तुझे पपा खोकले की मला जाग येते, एवढंच घर आता मला पुरतं. ते किती दिवस, डॉक्टर सांगत नाहीत.

एक गोष्ट कबूल करते, मग संपवते. परवा भांडी घासता घासता माझं तोंड आपोआप ते वचन म्हणायला लागलं. तुझ्या पपांना सोडून इथे सात. तुझा नवरा आठवा. थोरला नववा. धाकट्याला मागच्या वर्षी तेरा पूर्ण झाली, पुरुषांत धरला गेला, तो दहावा. वचन बरोबर पुरं झालं. आणि माझ्या हातातून ताट सुटलं. माणूस आत दिवाणावर बसून ताक पितोय आणि मी इकडे त्याच्या कद्दीशसाठी मोजतेय, त्याला वगळून. बापाच्या लेकीने असंच करायचं होतं का? आतून ते म्हणाले, "काय फुटलं?" स्टीलचं ताट कुठे फुटतं. मी म्हटलं, काही नाही.

तर दिना, तिकिटं काढ. विमानं कधी चालू कधी बंद असं तू सांगतेस, तर जी चालू असेल ती धर. विमानतळ आता पनवेलच्या दारात आलाय, नाहीतर मुंबईला उतरा, काशिनाथ गाडी घेऊन येईल, मी त्याला आजच सांगून ठेवते. तिघांनाही आण, एकाचीही परीक्षा आणि एकाचीही सुट्टी मला सांगू नकोस. मला दहा नकोत. ते खाली उभे असताना, त्यांच्या तोंडचं वचन पुरं होऊन एक माणूस जास्तीचा उरलेला मला माडीवरून बघायचाय. लवकर या, म्हणजे अकरा होतील.