चाचीच्या एका खोलीतले भाडेकरू

ती गोष्ट मी अजून इसरले न्हाय. मी तवा भवानीनगरच्या अलीकडच्या आमच्या गावची पोलीस पाटील होते. दहावी झाले, बारावी सुटली, लगीन झालं, आन् जागा बाईसाठी राखीव निघाली म्हणून सासऱ्यांनी अर्ज भरायला लावला. पुढं दुसऱ्या बाळंतपणात मुदत संपली, मग परत अर्ज केला न्हाय. नाव कुणाचंच सांगत न्हाय, माणसं अजून हितंच हायत.

पोलीस पाटलाचं काम म्हंजे गावावर नजर ठेवायची. भांडण, अपघात, बेवारस गाडी, आन् गावात कोण भाड्यानं राह्यला आलं तर ते ठाण्याला कळवायचं. आमच्या गावात भाडेकरू एकबी नव्हता, मी तसंच कळवत आलेले. म्हणून एक दिवस गल्लीतल्या चाची दारात आल्या आन् म्हणल्या, "पोरी, माझ्या घरात भाडेकरू किती हायत गं?" तवा मला वाटलं, म्हातारीला ऊन लागलं.

चाची बाजारात बांगड्या विकायच्या. नवरा गेलेला, मूलबाळ न्हाय, एक पत्र्याची खोली, तीबी निम्मी शेळीची. सरकारचा निराधारचा पगार येतो त्यावर चूल पेटती. त्यांच्या हातात इन्कम टॅक्सचा कागद होता. एमआयडीसीतले बरेच कामगार तुमच्या घरात भाड्यानं राहतात, ते उत्पन्न तुमी का दाखवलं न्हाय, असं इचारलेलं.

"पगार बंद करतील का गं?" चाची एवढंच इचारत होत्या. "एवढे भाडेकरू असलेल्या बाईला निराधार कोण म्हणंल?"

मी त्यांना बसवलं, पाणी दिलं, पण घोर मलाबी लागला. कारण कागद खरा धरला तर मी ठाण्याला खोटं कळवलं, असंच झालं की.

संध्याकाळी जेवताना नवऱ्याला सांगितलं. ते एमआयडीसीत कामाला, मोटरसायकलवर जातात-येतात. मी म्हणलं, बगा कशी गंमत, चाचीच्या खोलीत म्हणं कामगार राहतात. तर त्यांचा घास हातातच राह्यला.

"काय झालं?"

"आमच्या कंपनीच्या गेटवर एक एजंट येतो," ते खाली बघत म्हणले. "टॅक्सचं रिटर्न भरून देतो. त्यानं मी घरभाडं भरतो असं दाखवून रिफंड काढलाय. घर कुणाचं दाखवलं ते मी इचारलं न्हाय."

"म्हंजे तुमी चाचीचे भाडेकरू?"

"असंल बी."

मी डोक्याला हात लावला. बारामतीत सीए होता की, पण तो आधी फी घ्यायचा आन् जेवढं खरं तेवढंच भरायचा, म्हणून त्याच्याकडं कोण जाईना. हा एजंट आधी रुपया मागायचा न्हाय, रिफंड आला की त्यातला वाटा घ्यायचा. सगळ्यांनी त्याला पासवर्ड देऊन टाकलेला, आन् मोबाईल नंबर बी त्यानं आपलाच टाकलेला, म्हंजे खात्याकडून काय बी आलं तर ते त्यालाच कळायचं. भाड्याची सूट घ्यायला घरमालकाचं पॅन लागतं. चाचींनी कवातरी पॅन आधारला जोडायला शेजारणीच्या हातनं झेरॉक्स ह्याच एजंटाच्या दुकानात पाठवली होती. तीच त्यानं सगळ्यांना लावली.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याला, चाचीला आन् कडेवरच्या पोरीला घेऊन ठाण्यात गेले. नवऱ्याचं नाव मीच सांगितलं. लपवलं असतं तर चाचीच बुडाल्या असत्या. फौजदार साहेबांनी जबाब घेतले. म्हणले, "पाटील मॅडम, तो एजंट कामगारांवर ढकलंल. नायतर म्हातारीवर. भाडं खाऊन आता नाकारती म्हणंल. मग कुणाचा शब्द खरा धरायचा?"

मला एक सुचलं. भीत भीत म्हणलं, "साहेब, त्यानं चाचीला कवा बघितलेलंच न्हाय. तो आला की चाची कोण हे सांगूच नका."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं आन् हवालदाराला म्हणले, "बाकडं आत आणा."

साहेबांनी बोलावलं तसा एजंट आला. इस्त्रीचा शर्ट, दोन मोबाईल. बाकावर चाची माझ्या पोरीला मांडीवर घेऊन बसलेल्या. तो म्हणला, "आजी, पिशवी उचला, जरा सरका तिकडं." चाची सरकल्या.

साहेबांनी इचारपूस चालू केली. त्यानं पयल्यांदा कामगारांवर ढकललं, मग म्हातारीवर. "साहेब, पोरं खरंच राहत होती तितं. मागं ओळीनं खोल्या हायत. भाडं मी स्वतः नेऊन दिलंय तिच्या हातात."

"ओळखता बाईला?"

"घरच्यासारखी हाय, साहेब. गेलो की चहा पाजल्याबिगर सोडत न्हाय. आता टॅक्स भरायचा म्हणल्यावर घाबरून नाकारतीय."

"व्हय रं?" चाची बोलल्या. "मग माझ्या चहात साखर किती असती, सांग की."

तो वैतागला. "आजी, तुमचं काय मधीच? तुमचा नंबर आला की बोला."

हवालदार तोंड फिरवून खांदं हलवायला लागला. साहेब शांतपणे म्हणले, "तुमी म्हणता त्या घरमालकीणबाईच हायत ह्या. सांगा, साखर किती?"

तो बाकावरनं उठला, परत बसला. एक मोबाईल वाजत राह्यला, तो उचलायचं बी त्याला सुचंना. मग घटाघटा पाणी प्याला आन् सगळं कबूल केलं.

त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. चाचीचा जबाब आन् मी केलेला घराचा पंचनामा इन्कम टॅक्सच्या कागदाच्या उत्तराला जोडला. खोलीत एक खाट, एक चूल, एक शेळी, असं मी माझ्या हातानं लिहिलं. आमच्या घरातनं बी खोटा रिफंड व्याजासकट परत गेला. सही नवऱ्याची, मग चूक बी नवऱ्याची, त्यात तक्रार न्हाय.

आता रिटर्न आमीच घरी भरतो. नवरा वाचतो, मी दोनदा इचारते, समजलं तरच बटण दाबतो. अडलं तर सीएला फी देतो, पण नंबर आपला, पासवर्ड आपला. मी वर्दी घातली न्हाय, मला कायदा थोडाच येतो, पण एवढं कळलं, माणूस खोटं बोलायला लागला की ज्याच्याबद्दल बोलतो त्याचं तोंड बघायचं बी इसरतो. त्याला फक्त त्या तोंडाशेजारी बसवायचं.

चाचीचा पगार एक म्हयना बी चुकला न्हाय. आजबी बाजारात माझा नवरा दिसला की त्या चार बायकांत हाक मारतात, "ओ भाडेकरू, शेळीला पाला कोण आणणार?" आन् ते गुमान मोटरसायकल वळवून पाला आणायला जातात.