पहिली मित्र, दुसरी शत्रू

निवृत्त झाल्यावर माणसं बाग करतात, देवदर्शनाला जातात. मी किड्यांच्या मागे लागले. शहापुरातल्या घरी बसून मी शाळेतल्या मुलांसाठी कीटकांची एक मराठी वेबसाइट चालवते. मजकूर माझा, फोटो बहुतेक माझे आणि संगणकाची सगळी कामं भाचीची. ती आटगावला राहते, नोकरी करते आणि उरलेल्या वेळात मावशीचा हा उद्योग निस्तरते. 'निस्तरते' हा शब्द तिचाच.

प्रत्येक पानाखाली 'चूक दिसली? आम्हाला सांगा' अशी ओळ आहे. तीही तिनेच टाकली. मला विचारलं असतं तर मी टाकू दिली नसती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या उत्तरांवर लाल पेन चालवलेल्या माणसाला कुणी आपली चूक दाखवली की झोंबतंच. आणि लोक दाखवतातही. सापगावच्या एका गृहस्थांनी कळवलं की चतुर म्हणून लावलेला फोटो त्याच्या बारीक भावंडाचा, टाचणी नावाच्या किड्याचा आहे, बसताना तिने पंख मिटलेत हे बाईंना दिसलं नाही काय? दिसायला हवं होतं. कसाऱ्याच्या एका मुलीने विचारलं, तुमच्या गांधीलमाशीला चारच पाय कसे? उरलेले दोन पानाआड गेले होते, पण तिचा प्रश्न रास्त होता. मी उत्तर दिलं नाही, नुसता फोटो बदलला.

माझी रीतच ती होती. चूक कळली की गुपचूप दुरुस्त करायची आणि काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने पुढे चालायचं. भाची म्हणायची, "मावशी, खाली दोन ओळी लिहूया. आधी काय होतं, आता काय केलं." मी म्हणायचे, "आपल्या हाताने आपली शोभा कशाला करून घ्यायची?" ती विषय सोडून द्यायची. तिला पटलं असं मला वाटायचं, ते तसं नव्हतं.

मग गेल्या थंडीत, भात घरात आल्यावर शेतांत वाल फुलोऱ्यावर आले होते तेव्हा, मुरबाडकडच्या एका गावातून मोबाइलवर आवाजी निरोप आला. आमच्याकडे लिहून कळवणारे थोडे, बोलून पाठवणारे फार. आवाज तरुण बाईचा होता आणि ती घरच्यांना ऐकू जाऊ नये असं बोलत होती.

"बाई, तुमचं मित्रकिड्यांचं पान बघून आमी वालावरच्या काळ्या अळ्या सगळ्या वेचून मारल्या. पोरांना घेऊन वेचल्या, साबणाच्या पाण्यात टाकल्या. तरी मावा वाढतोच हाय. सासरे उद्या औषध फवारनार. या वर्षी फवारू नका, मी बघते, असं मीच बोलले होते. पयल्यांदा त्यांनी माझं काय ऐकलं. आता शेंगा नाय धरल्या तर परत या घरात माझं कोन ऐकेल? तुमचं पान बरोबर हाय ना?"

काळ्या अळ्या मारल्या हे ऐकूनच माझं डोकं तापलं. वालाच्या कोवळ्या शेंड्यांवर माव्याचे बारीक किडे दाटून बसतात आणि रस शोषतात. त्या माव्यात फिरणारी, काळ्या अंगावर नारिंगी ठिपके असलेली अळी ही ढालकिड्याची, म्हणजे ठिपक्यांच्या लाल लेडीबर्डची अळी. दिसायला भयंकर, पण ती मावाच खाते. तिला मारू नका हे सांगण्यासाठीच तर ते पान केलं होतं! मी लॅपटॉप उघडला. डावीकडे काळी अळी, उजवीकडे वांग्याची पानं कुरतडणारी पिवळी काटेरी अळी. खाली ठळक अक्षरांत 'पहिली मित्र, दुसरी शत्रू'. सगळं जागच्या जागी होतं. मी तिला तोऱ्यात सांगून टाकलं, "पान बरोबर आहे. तुम्ही नीट वाचलं नाहीत."

थोड्या वेळाने तिच्याकडून फोटो आला. तिने नणंदेच्या मोबाइलवर आमचं पान उघडलं होतं आणि त्या पडद्याचा स्वतःच्या मोबाइलने फोटो काढला होता. पडद्यावर वर पिवळी काटेरी अळी होती, तिच्याखाली काळी आणि त्याखाली 'पहिली मित्र, दुसरी शत्रू'.

लॅपटॉपच्या रुंद पडद्यावर फोटो शेजारी शेजारी दिसतात. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर ते एकाखाली एक येतात, आणि आमच्या पानावर ते उलट्या क्रमाने येत होते. मी कधी मोबाइलवर पाहिलंच नव्हतं. ज्या गावांसाठी पान लिहिलं तिथे कुणाच्या घरी लॅपटॉप आहे, हा प्रश्न मला कधी पडला नाही. तिने पान नीट वाचलं होतं आणि पानावर होतं तस्संच केलं होतं.

भाचीला फोन लावला. तिने जेवणाच्या सुट्टीत फोटो जागेवर आणले. "मावशी, वर लिहू ना चूक होती म्हणून?" मी म्हटलं, "आधी बदल तर. लिहायचं नंतर बघू." पान नीट झालं. मी मुरबाडला कळवलं की आता पाहा, आता बरोबर आहे. सुटले, असं मला वाटलं.

संध्याकाळी तिचा निरोप आला, रडवेला. तिने सासऱ्यांना नवं पान दाखवलं. त्यांनी जुन्याचा फोटोही पाहिलेला होता. ते हसले आणि म्हणाले, "सकाळी काळी वाईट, दुपारी काळी चांगली. रातच्याला काय ठरतंय ते बगून उद्या फवारू." मग ती म्हणाली, "बाई, चूक होती तवा निदान माझ्यावर विश्वास तरी होता. आता त्यांना वाटतं, मी कायपन दाखवते."

ते ऐकून मला स्वतःची भयंकर चीड आली. चूक झाली त्यापेक्षा ती पुसून टाकली याची. माझा डाग मी पुसला आणि तो तिच्या पदराला लागला. भाचीला म्हटलं, "लिही. पानाच्या अगदी वर, लाल अक्षरांत. काय चुकलं, मोबाइलवर कसं उलटं दिसत होतं, सगळं. आणि वाचून ज्यांनी काळ्या अळ्या मारल्या त्यांचा दोष नाही, हेही." ती म्हणाली, "हे आधी ऐकलं असतंस तर." बोलायचा तिचा हक्कच होता, म्हणून मी ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीने मुरबाडला गेले आणि तिथून जीपने तिच्या गावी. भिंग पिशवीत होतं. सासरे विहिरीवर फवारणीचा पंप धूत होते. अंगात स्वेटर, कानाला मफलर, आणि मला पाहून चेहऱ्यावर जराही आश्चर्य नाही. शेजारच्या शेतातली माणसंही बांधावर येऊन उभी राहिली. किड्यांच्या बाई आल्यात म्हटल्यावर कोण घरी बसेल!

मी सगळ्यांसमोर म्हटलं, "तुमच्या सुनेनं चूक केली नाही. माझं पान चुकलं होतं. त्यावर होतं तेच तिनं केलं."

"तां कळलं," सासरे म्हणाले. "पन मंग गुपचूप का बदललं? बोलायचं ना तवाच, चुकलं म्हनून."

"लाज वाटली."

त्यांनी पंपावरचा हात थांबवला. "एवढ्या पोरांना शिकवून पन लाज वाटते?"

"शिकवलं म्हणूनच वाटते," मी म्हटलं. बांधावरची माणसं हसली, तेही हसले. मला हसू आलं नाही, पण छातीवरचं ओझं जरा हललं.

वालात शिरून पाहिलं तर शेंडे माव्याने काळे पडले होते आणि ढालकिड्याची एकही अळी दिसेना. पोरांनी काम चोख केलं होतं. मात्र बांधावरच्या तुरीला कुणी हात लावला नव्हता. तिथे मावा थोडा होता आणि त्यात काळ्या अळ्या फिरत होत्या. मी भिंग सासऱ्यांच्या हातात दिलं. ते वाकून बराच वेळ बघत राहिले. अळीने एक मावा जबड्यात धरला होता आणि ती तो खात होती.

"हिला आमी बादलीत बुडवली," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "मारल्या त्या काय परत येनार नायत."

"नाहीत. पण या तिकडे नेता येतील. आणि माव्याने भरलेले शेंडे खुडून टाकले तर उरलेला यांना आवरेल."

त्यांनी शेतावर नजर फिरवली. "बरं. विहिरीकडचा तुकडा सुनेचा. वरचा मी फवारतो. बगू कुनाचा राहतो."

न्याय वाईट नव्हता. पण वरच्या तुकड्यातलं औषध वाऱ्याने खाली येणार आणि नेलेल्या अळ्या मरणार हे मला दिसत होतं. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात सून पुढे आली.

"बाबा, वरचं फवारलं तर वारा खाली आननार. मंग माझा तुकडा राहिला काय न नाय राहिला काय, एकच."

बोलताना तिने मान खाली घातली नाही. मी तोंड मिटलं. माझ्या बोलण्यापेक्षा हे बोलणं जास्त गरजेचं होतं.

"पंप आठवडाभर राहू दे," ते शेवटी म्हणाले. "पुढच्या बाजारापर्यंत. मंग मी कोनाचं ऐकनार नाय."

दुपारपर्यंत आम्ही शेंडे खुडले. तुरीवरच्या अळ्या डब्याच्या झाकणात झटकून वालावर नेऊन सोडल्या. पोरं कालपर्यंत ज्यांना बुडवत होती त्यांना आता दोन बोटांत जपून धरत होती. तिने मला नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. निघताना म्हणाली, "नाय जमलं तरी चालेल बाई. तुमी आलात." मला माहीत होतं, तिला चालणार नव्हतं. मलाही नव्हतं.

तो आठवडा वाईट गेला. अळ्या टिकतील की नाही, पुरतील की नाही, कोण सांगणार? काही सुचेना म्हणून मी वेबसाइटचं एकेक पान मोबाइलवर उघडून तपासलं. आणखी चुका सापडल्या, आणि या वेळी भाचीने विचारायच्या आधीच मी प्रत्येकीखाली दोन दोन ओळी लिहिल्या. पहिल्या दोन-चार लिहिताना हात जड झाला. नंतर होईना. सापगावच्या गृहस्थांनाही उशिराने आभार कळवले. त्यांनी लगेच नवी चूक दाखवली.

बाजार उलटून गेला आणि तिच्याकडून काहीच आलं नाही. मी मनाशी म्हटलं, फवारलं असणार. विचारायचा धीर झाला नाही.

मग एका सकाळी तिच्या नंबरवरून निरोप आला. ऐकला तर आवाज सासऱ्यांचा. ते मोबाइलमध्ये बोलायला बिचकत होते आणि म्हणून ओरडत होते.

"बाई, शेंगा धरल्यात. पंप माळ्यावर टाकला. आनि तुमच्या पानावर एक कमी हाय. ती काळी अळी पानाला उलटी चिकटून बसते, हालत नाय, डुलत नाय. ती मेली नाय, रोग बी नाय, त्यातनं तो ढालकिडा भायेर येतो. आमच्या शेजाऱ्यानं रोग बोलून खरवडायला घेतल्या. तां लिवा पानावर." मागे तिचा आवाज आला, काहीतरी सांगणारा. ते थांबले, ऐकलं आणि पुन्हा ओरडले, "माजं नाव नको. सून बोलली असं लिवा. ती बोलते तां बरोबर असते."

मी ते तसंच लिहिलं, पानाच्या अगदी वर.